उजव्या हाताचं दुसरं बोट

माल्पिकाच्या धक्क्यावर दोसिंदा
चाळीस वर्षं फाटकी जाळी सांधते.
आज ती माझ्या अंधाऱ्या खोलीत,
हात उशीवर,
जणू दुसऱ्याच कुणाचा आणून ठेवलाय.
जेल गार लागेल, मी म्हणते.
जानेवारीतल्या दोरापेक्षा नाही, ती म्हणते.

करड्या पडद्यावर हाडाची पांढरी कड,
तिच्यालगत अस्तर,
जे असून नसल्यासारखं असायला हवं,
ते फुगलंय ओल्या लोकरीसारखं.
डॉपलर लावते
आणि लोकरीत निखारे पेटतात.

हे लाल काय?
रक्त. नव्या वाटांनी येणारं.
गेल्या हिवाळ्यात या वाटा नव्हत्या.

एवढंच बोलते. बाकीचं कसं सांगू,
की सुजेत पेशींची एवढी दाटी झाली
की आतल्यांना श्वास पुरेना,
त्यांनी हाक घातली,
जखम घालते तशीच,
गर्भ घालतो तशीच,
आणि शरीर हाकेची शहानिशा करत नाही.
जवळच्या वाहिनीला कोंब फुटला, कोंबाला फाटा,
घाईचा, कच्चा, पाझरणारा.
त्या वाटेनं दाणापाणी आलं,
दाण्यापाण्यामागून आणखी खाणारे.
खाल्ल्या घरचे वासे मोजणारे परवडले.
हे मोजत बसत नाहीत.
कूर्चा संपली की हाडाला लागतात.

ती बराच वेळ पडद्याकडे बघते,
गिऱ्हाइकानं आणलेलं जाळं बघावं तशी.
कुणी विणलं हे?
तुम्हीच.
छे. गाठ धड नाही. घाईत केलंय.

मग जरा थांबून,
सकाळी अकरापर्यंत मला सुई धरवत नाही.
भोक मी दाखवते, सून शिवते.
पण फाटलेलं दिसलं की हात अजून आपोआप जातो.
याचंही तसंच झालं असेल, नाही?
कुणीतरी फाटलं म्हणून ओरडलं,
आणि हा बसला विणत.

मी अहवालात लिहिते: श्रेणी तीन.

जेल तिनं स्वतः पुसलं, एकेका पेरावरून,
एवढ्या सावकाश
की बाहेरचा पुढचा पेशंट दोनदा खोकला.
कोटाचं वरचं बटण तसंच राहिलं.
मी पुढे झाले नाही. तिला चाललं नसतं.

दारातून म्हणाली,
उसवायला कुठून घेताय ते नीट बघा, पोरी.
चुकीचा धागा ओढला
तर चांगलं जाळंही आवळतं.