आरशामागची खुर्ची

शेफील्डला, टेकडीवरच्या आमच्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे,
तिची एक भिंत खोटं बोलते.
आतून आरसा, बाहेरून काच.
आत दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा
आणि दर मंगळवारी मिस्टर ऑल्डरॉइड,
जुने नट, तासाच्या बोलीवर खिन्न होणारे.
आजवर एकोणीस तुकड्यांपुढे रडलेत.
रडून झालं की त्याच डब्यातला टिश्यू घेऊन
नाक पुसतात, विचारतात,
पुढची बस किती वाजताची?

माझी पाळी आली तेव्हा मी सव्वीस वर्षांची.
वर्गात पंधरा जण, सावळी मी एकटी;
माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर मात्र
बाकीचे चौदा माझ्या मागे, जरा धूसर.

ऑल्डरॉइड त्या दिवशी विधुर होते.
बायको जाऊन चार महिने.
शिकवल्याप्रमाणे मी मान किंचित तिरकी केली,
विचारायचं होतं, हे सगळं आत कसं जाणवतं?
तोंडून निघालं,
जेवलात का?

काचेपलीकडे पेन थांबलेलं मला ऐकू आलं.
ऑल्डरॉइड पाठ केलेलं विसरले,
हातातली टोपी उलटी-सुलटी करत म्हणाले,
नाही. काल दुपारपासून नाही.
संहितेत हे वाक्य नव्हतं.
मी नंतर शोधलं. नव्हतंच.

गुणपत्रिकेवर शेरा :
मर्यादा ओलांडली. पुन्हा बसावं.
पुन्हा बसले, पास झाले,
हळूहळू सगळं अंगवळणी पाडून घेतलं.
पोटात खड्डा पडतो तो कुठल्या चौकटीत भरायचा,
जीव थाऱ्यावर नाही, तर किती नाही,
शून्य ते तीनमध्ये सांगा.
काळजाचं तेवढं जमलं नाही.
शब्दशः यकृत म्हणावं
तर माणसाला रक्त तपासायला पाठवतात.

आता मी काचेच्या या बाजूला. शेजारी मार्गो टिंडल.
यंदा सावळे चेहरे चार;
समिती खूश, अहवालात रंगीत आलेख.
गुणपत्रिका तीच आहे.
कागद तेवढा पुनर्वापराचा.

आत इफ्रा. बर्नग्रीव्हची.
वृद्धाश्रमात नऊ वर्षं रात्रपाळी करून इथवर आलेली.
ऑल्डरॉइड आता खरेच विधुर आहेत,
हे तिला माहीत नाही.
आम्हाला माहीत आहे. दुसरी भूमिका देऊ केली होती,
त्यांनीच हीच मागून घेतली.

इफ्रानं काही विचारलं नाही.
समोरची खुर्ची उचलली,
त्यांच्या शेजारी नेऊन ठेवली,
आणि दोघं मिळून आरशाकडे,
म्हणजे माझ्याकडे,
बघत बसली.
दोन मिनिटं. चार.

रकाना सहावा : नजरेला नजर देते का?
माझं पेन सवयीनं शून्याकडे वळलं.
अर्धं काढूनही झालं.
मी. जिला एका जेवणापायी
पुन्हा बसवलं होतं.

मार्गो कुजबुजली, ती बोलतच नाहीये.
मी म्हटलं, ऐकतेय.
हे इंग्रजीत म्हटलं की मराठीत,
खरंच आठवत नाही; मार्गो गप्प झाली एवढं खरं.

तिकडे ऑल्डरॉइडांचा हात डब्याकडे गेला,
तिथून मागे आला.
त्यांनी स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले.
वाईट पुसले, नटाला न शोभणारे.

चारच्या बैठकीत विचारतील,
सहाव्या रकान्यात हे काय काढलंय?
सांगेन, माझं पेन इथवर गेलं होतं.
तिच्या गुणांचं मागाहून बघू,
आधी हा रकाना आखताना
खोलीत कोण कोण होतं, ते सांगा.
असं म्हणेन. म्हणायला हवं.
मागच्या वर्षीही ठरवलं होतं.

वेळ संपल्याची घंटा होऊन गेली.
आत दोघं अजून उठलेली नाहीत.
आज बसचं कुणी विचारलं नाही.