कमानीचा बाक

राजवाड्याकडून आलेलं पत्र जेमतेम पाऊण पानाचं.
मुकुटाच्या कमानी यापुढे मधोमध खचणार नाहीत,
गोल वर चढतील,
जुने ठसे रद्द करून तसं कळवावं.
खाली सही, सहीखाली हुद्दा.
राणी जाऊन तोवर बरेच महिने झाले होते.
आता तिच्या नसण्याचा आकार
मिलिमीटरमध्ये आला होता.

राजा बोले, दळ हाले;
इथे दळ म्हणजे आम्ही तिघं,
बर्मिंगहॅमच्या एका बोळात, दोन प्रेस, एक भट्टी,
आणि डोरीन टिप्टन, जिच्या हाताखाली मी अकरा वर्षं.
पोलिसांच्या टोपीचे बिल्ले, कस्टमच्या कोटांची बटणं,
तुरुंगाच्या पहारेकऱ्यांचे पट्टे,
सगळ्यांचा राजा एकदम बदलायचा होता.

ठसा उलटा कोरतात.
नाण्यावर उजवीकडे बघणारा सिंह
पोलादात डावीकडे बघतो.
डोरीन म्हणायची, पोरा,
एकेचाळीस वर्षं मी या राज्याला पाठीमागून बघतेय,
मागून ते फार काही मोठं नाही.
आणि मग भिंग लावून
त्या सिंहाची जीभ पुन्हा धारदार करायची.

रंग नसलेल्या धातूत रंग वाचायला तिनंच शिकवलं.
उभ्या रेघा म्हणजे लाल.
आडव्या म्हणजे निळा.
टिंबं पेरली की सोनं.
कोरी जागा, चांदी.
लाइफबोटीच्या ठाण्याचं स्मारक-नाणं करताना
मी समुद्राला उभ्या रेघा दिल्या.
ती हसली नाही. म्हणाली,
या समुद्रात बरेच बुडालेत, तरी आडव्या कर.

परवानगीच्या फायली वेगळ्या कपाटात.
क्लेमंट ऑड नावाच्या बिस्किटवाल्याला
डब्यावर मुकुट हवा होता, छोटासा, कोपऱ्यात.
उत्तर आलं: मुकुट ही नक्षी नव्हे.
त्यानं कोंबडी छापली.
कोंबडीला तुरा मात्र
पाच टोकांचा आणि मधोमध जरा खचलेला.
तक्रार कुणीच केली नाही.

नव्या कमानीचा पहिला ठसा डोरीननं भंगारात टाकला.
फुगलाय, म्हणाली, भट्टीतल्या पावासारखा.
दुसरा टाकला. तिसरा रात्रभर
उशाशी ठेवून सकाळी टाकला.

त्याच आठवड्यात मिसेस फेरिडे आल्या,
रुमालात नवऱ्याचा बिल्ला, मागची पिन तुटलेली.
दाराशीच म्हणाल्या, जमा करायचा असतो, ठाऊक आहे मला.
मुकुटावरचा क्रूस झिजून गुळगुळीत झाला होता,
दर रविवारी रात्री ब्रासो लावून
तो अंगठ्यानं पुसायचा म्हणे,
बातम्या संपेपर्यंत.
मी विचारलं, आणि विचारायला नको होतं,
नवा मुकुट बसवून देऊ?
त्या बिल्ल्याकडे बघत राहिल्या.
नको. हा मधोमध बसलेलाच बरा.
पहाटे ड्यूटीवरून यायचा
तेव्हा त्याचे खांदे असेच असायचे.

डोरीननं पिन जोडली. पैसे घेतले, दोन पौंड,
घेतले नसते तर त्यांना राग आला असता.
वहीत नोंद केली: बटण, एक.

शुक्रवारी ठसे रद्द करायला घेतले.
छिन्नी, हातोडा, प्रत्येकावर एक फुली.
सतरा तिनं केले, मोजत, आवाज न चढवता.
टाकीचे घाव देव घडवतात म्हणे;
हे त्याच टाकीचे, उलट दिशेनं.
अठरावा माझ्या हातात दिला.
मी फुली मारली, पण घाव जरा बाजूला पडला,
मुकुट फाटला, सिंहाची जीभ तेवढी शाबूत.
राहू दे, म्हणाली.

दिवे मालवायच्या आधी
तिनं चौथा ठसा हातात घेतला, नवा, अजून कोमट.
डोळ्यांवर आताशा तिचा फारसा विश्वास नाही.
अंगठा कमानीवरून गेला,
उतरला, ढालीवर थांबला,
बारीक उभ्या रेघांवर पुढे-मागे झाला.

लाल, म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मग, हं, हा चालेल.