सात पावलं

पेइप्सी सरोवरावर मार्चमध्येही
बर्फ दोन विती जाड.
हेल्वे गिरमिट फिरवते;
पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेले हात,
अजून थरथरत नाहीत.

पलीकडच्या भोकाशी काल्यू,
तिचा एकेकाळचा नवरा.
गळ वेगळे, बादल्या वेगळ्या.
थर्मास तेवढा एकच,
तो बर्फावरून सरकवायचा.

"खाली मासे मरत कसे नाहीत?"
नात विचारते. मारेट, वय नऊ.

"हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकुलता एक," हेल्वे सांगते,
"तोही भागीदारीत घातलेला,
आणि ऑक्सिजन भागीदार मोठा ओढखोर.
मग हा बिचारा एका बाजूने उघडा पडतो,
शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे कलतो.
लग्न नाही हं ते. नुसतं कलणं.
पाण्यात हे क्षणात सुटतं,
क्षणात दुसऱ्याशी जुळतं.
गोठताना मात्र प्रत्येक रेणू चौघांना धरतो,
हात लांब करून.
मध्ये पोकळी राहते,
म्हणून बर्फ हलका, म्हणून तो वर.
खाली चार अंशांवर मासे हिवाळा काढतात."

"आणि घट्ट मिठी मारली असती तर?"

"बर्फ बुडाला असता.
तळापासून गोठलं असतं सगळं."

काल्यूने हे ऐकलं की नाही, कळत नाही.
त्याच्या गळाला काहीतरी लागलंय,
तो मिशीतल्या मिशीत शिव्या देतोय.

मारेट दोन भोकांमधलं अंतर चालून मोजते.
सात पावलं.
"माझी की तुझी?" हेल्वे विचारते,
आणि उत्तराची वाट न बघता
टोपी कानांवर ओढते.

थर्मास घसरत परत येतो.
तळाशी एका कपापुरता चहा,
साखर तिच्या मापाची.