शुद्धिपत्र

त्या रात्री पान तीन मीच लावलं.
जिंतूर रोडच्या आमच्या ऑफिसात एक ट्यूबलाईट,
सॅनिटायझरची अर्धी बाटली आणि मी.
जिल्हा रुग्णालयातून फोनवर आकडा आला, चौदा.
माझ्या बोटांनी तो एकेचाळीस केला.
झोप होती डोळ्यांवर.
दुसरं काहीएक कारण नव्हतं.

सकाळी सातच्या आत
'जागृत परभणीकर'वर आमच्या पानाचा फोटो,
एकेचाळीसभोवती लाल गोल.
ॲडमिन चिद्रवार काका,
वीज मंडळातले रिटायर मीटर रीडर,
तीस वर्षं लोकांच्या दारामागचे आकडे वाचलेला माणूस.
त्यांनी लिहिलं, खरा आकडा आतून कुणीतरी सोडलाय.
समजणाऱ्याला इशारा.

तो इशारा मी चहा पिताना वाचला,
बिस्किट विरघळून कपाच्या तळाशी गेलं.

दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र छापलं, लिलावाच्या जाहिरातीखाली:
'मृत १४ असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'
"दाबलं बगा," सटवाजी कच्छवे म्हणाले,
"वरून फोन आल्याबिगर
पेपरवाला कदी दिलगीर होतंय का?"
ललिता टीचरनी एकेचाळीसातून चौदा वजा केले.
सत्तावीस.
नक्षत्रं किती? आता बोला.
कुणी खानापूर फाट्याच्या टॉवरचा व्हिडिओ टाकला,
रात्री दोनला गुणगुणतो म्हणे.
कुणी म्हणालं, लस निघाली कुठं? जर्मनीत.
जगात जर्मनी, भारतात परभणी,
जुने लोक काय उगीच म्हणून गेले?
यावर चौतीस अंगठे.

शेवटी मीच लिहिलं,
'काका, तो आकडा माझ्या हातून चुकला. उलटा पडला.'
बराच वेळ नुसत्या निळ्या खुणा.
मग त्यांचं उत्तर,
'ताई, तुमच्यावर दबाव आहे, कळतंय आम्हाला.
जेवण वेळेवर करा. काळजी घ्या.'
सांगायला लाज वाटते,
पण त्या अख्ख्या वर्षात
मला जेवणाचं विचारणारा हा एकच मेसेज.
मी तो डिलीट केला नाही.

वैशाखात त्यांना खोकला लागला.
ग्रुपनं कापूर, ओवा, लवंग यांची पुरचुंडी सुचवली,
दवाखान्यात गेलेला परत येत नाही हेही पुन्हा सांगितलं.
पोरानं, संदेशनं, कुठूनतरी ते बोटाला लावायचं यंत्र आणलं.
ब्याऐंशी.
काकांनी चष्मा पुसला, परत पाहिलं,
आणि म्हणाले, "मीटर फॉल्टी आहे."
तीस वर्षं दारोदारी हेच ऐकलं होतं त्यांनी
आणि एकदाही
कुणाचं मान्य केलं नव्हतं.

संदेश मास्क सावरत ऑफिसात आला.
एक पासपोर्ट फोटो, चार ओळी, दोनशे रुपये.
मी तारीख तीनदा तपासली, नावातला 'द्र' तपासला.
पैसे घेतले नाहीत.
जाता जाता त्यानं विचारलं,
"आजच्या आकड्यात बाबा आहेत का?"
मी फोन लावला.
पलीकडचा कंपाउंडर दमलेला होता,
म्हणाला, इथं आले, भरती झाले, मग गेले, तेवढेच धरतो आपण.
घरी गेलेले, रिक्षात गेलेले, ते आपल्याकडं येत नाहीत.

संदेश पायरीवर उभा.
त्याच्या पायात बापाच्या चपला, मोठ्या होत होत्या.
मी म्हणाले, नाहीत.
तो म्हणाला, बरं.

त्या रात्री पान तीन पुन्हा मीच लावलं.
आकडा होता नऊ.
डोळे ताणून लावला, कुठंही उलटणार नाही असा.
एका कॉलमात नऊ,
शेजारच्या चौकटीत काका,
मध्ये एका रेघेचं अंतर.

सकाळी ग्रुप उघडला.
फुलं, हात जोडलेले, दिवे.
ललिता टीचरनी लिहिलेलं,
फोटोत काका डावीकडे बघतायत, लक्षात घ्या.
नऊभोवती
कुणी गोल केला नव्हता.