पाती फिरताना

ऑरिन पेल्कीनं ड्रोन उडवला तेव्हा
मेनच्या किनाऱ्यावर ओहोटी होती
आणि करायला दुसरं काही नव्हतं.
चारशे फुटांच्या आत, नजरेच्या टप्प्यात,
सगळं रीतसर.
खाली लॉबस्टरच्या सापळ्यांची चवड, धक्का,
आणि वँडा ग्रिंडलचं विकायला काढलेलं घर.
तेही आलं चौकटीत, आपसूक,
लग्नाच्या फोटोत कुणाचं तरी कुत्रं येतं तसं.

आता घरांची दलालबाई म्हणते,
त्या बारा सेकंदांचे दोनशे डॉलर देते.

ऑरिन चष्मा पुसून नियम वाचतो.
छंदाला परवाना नको, धंद्याला हवा.
आणि छंद की धंदा, हे
पैसे हातात पडले त्यावरून नाही ठरत,
पाती फिरू लागली
तेव्हा मनात काय होतं, त्यावरून.

मनात?
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली त्यानं,
पाना उचलताना मनात काय होतं
कुणी विचारलं नाही.

आठवून बघतो.
वारा पडला होता. बॅटरी भरलेली होती.
वँडाच्या छपरावर एक सीगल बसला होता,
तो वरून कसा दिसतो, बघायचं होतं.
एवढंच.
तसं लिहून देतो, चेक घेतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओहोटी.
ड्रोन घेऊन तो धक्क्यावर उभा.
पलीकडे हॅस्केलांच्या दारात नवी पाटी: विकणे आहे.
तो तिकडे बघत नाही.
किती बघत नाही,
ते त्याचं त्यालाच ठाऊक.

बोट बटणावर.
आणि सीगल, नेमका,
त्यांच्याच छपरावर.