जिन्यातली जाहीर पत्रं

दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर.
मे महिन्याची कितवी तरी.
कॅलेंडरपर्यंत जायला उठवत नाही.

तीर्थरूप कूलर यांस
मुकुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.
पहाटे आपल्या पोटात चार बादल्या ओतल्या.
आपण नुसते घोरलात.
आपलं गवत गेल्या वर्षीचं, मान्य.
माझे गुडघे त्याहून जुने आहेत,
तरी कामावर येतात.
आपण वारा देता की उपदेश?
गरम, दमट,
आणि न मागता.

सौ. विजेस अनेक आशीर्वाद.
माहेर इतकं जवळ असू नये.

रा. रा. बुलेट, नंबराच्या शेवटी नऊशे सात,
कृ. सा. न. वि. वि.
छत्तीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
मी दुसऱ्यांच्या चुका हिरव्या शाईनं टिपल्या.
तेव्हा सवयीनं,
आक्षेप एक: आपलं पुढचं चाक
जिन्याच्या पहिल्या पायरीवर विश्रांती घेतं.
आक्षेप दोन: आपल्या सायलेन्सरनं
माझी डावी पोटरी भाजली.
आक्षेप तीन लिहायचा राहिला,
दोनवर मलम लावतो आहे.
आपले मालक भदौरिया यांना
शिक्षा झालीच पाहिजे,
आणि त्यांच्या लोकेंद्रालाही,
जो रात्री अकराला हॉर्न वाजवून
म्हाताऱ्यांची चेष्टा करतो.
माझा राग आता आवरत नाही.
कळावे. लोभ नसला तरी चालेल.

कणकेची खळ करून
तिन्ही कागद मीटरच्या पेटीखाली डकवले.
मराठीत, ठळक अक्षरात.
मराठीतच, कारण
भिंतीला सांगावं आणि भदौरियांना कळू नये,
एवढंच धाडस पेन्शनीत बसतं.

लिपी तीच आहे,
हे मात्र पार विसरलो.

रविवारी दार वाजलं.
भदौरिया. हातात गजकचा डबा,
म्हणजे हिवाळ्यातली उरलेली.
डोळे ओले.
"अंकलजी, आपने हमारे लोकेंद्र की शिक्षा की चिंता की!
और लिखा कि लड़का चेष्टा करता है.
स्कूलवालों ने तो आज तक नहीं माना."
मग अदबीनं, आवाज उतरवून,
"वो राग... कौन-सा है?"

हे ग्वाल्हेर.
इथं माणूस चिडला तरी लोक
आधी थाट विचारतात.

मी काही बोललो नाही.
एक तर तोंडात गजक होती,
जुनी, दाढांना धरून बसलेली.
दुसरं म्हणजे तो एक शब्द
मी डाव्या रकान्यात मांडून बघितला,
उजव्या रकान्यात मांडून बघितला,
आणि दोन्हीकडची बेरीज जुळली.
नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

तेव्हापासून लोकेंद्र रोज सहाला येतो.
लसावि काढतो, काढता काढता जांभई देतो,
फळ्यावर माझ्या नाकाचं चित्र काढतो, बरं काढतो.
मी मराठीत ओरडतो,
तो हिंदीत ऐकतो.
बुलेट पायरीवरच आहे.
फरक इतकाच, आता मला बघितलं
की हॉर्न वाजवून नमस्कार करते.

आज नोव्हेंबर. कूलर माळ्यावर गेले,
उपदेश तूर्त बंद.
खाली उतरलो तर पेटीखाली नवा कागद,
खळ अजून ओली:

"तीर्थरूप तारे सर,
सहाची शिकवणी तुम्ही आठला सोडता.
मला शिक्षा कळली. दोन्ही.
लोभ असावा.
ता. क. बुलेटला तुम्ही रा. रा. लिहिलं,
पापांना नुसतं भदौरिया.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
अजून."

शाई हिरवी.
दौत माझी.