पावती

वालीनीमावशीच्या घरात त्या हिवाळ्यात
मक्यापेक्षा कागद जास्त होता.
कूसावाटी ओलांडून माणसं यायची,
ओले पाय शेकोटीशी, मग सही.
ज्यांना आमची अक्षरं येत नव्हती
त्यांचं नाव मावशी लिही
आणि हात धरून फुली काढून घेई.
‘हलकं नको. दाबून.
वॉशिंग्टन लांब आहे.’

जॉर्जियाच्या कायद्यात आमची साक्ष चालत नसे.
गोऱ्यानं गाय नेली
तर ते गायीनंच सांगावं.

तरी मोठ्या कोर्टात आम्ही जिंकलो.
निकालाची बातमी घेऊन घोडा आला
तेव्हा म्हातारा चुलिओवा
गुडघे विसरून रात्रभर नाचला.
पानगळीत त्याच्या अंगणात एक पोरगेलासा माणूस,
हातात सोडतीची चिठ्ठी,
चिठ्ठीवर याच अंगणाचा नंबर.
त्यानं पाणी मागितलं.
चुलिओवानं दिलं.

सहा वर्षांनी सैनिक. मे महिना,
पीच अजून हिरवे, बोराएवढे.
मावशीनं चूल विझवली नाही.
दार ओढलं, कडी घातली,
आणि सार्जंटपुढे हात पसरला.
भीक मागतेय असं वाटून
तो ओशाळला, खिसा चाचपू लागला.
ती पावती मागत होती:
घर एक, पीचची झाडं एकोणीस,
उभा मका,
नदी.

त्यानं दिली नाही.

आता तळावर, कुंपणाच्या आत,
मी काठीनं चिखलात लिहिते ती,
रोज, एकोणीसपर्यंत येऊन अडते.
मावशी तापातही बघत असते,
पुटपुटते,
‘दाबून.’